हाताखालची माणसं बोलायची बंद झाली तर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मुलगा मूळ सिंधुदुर्गातल्या बांद्याकडचा, गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत टॅब्लेट पॅकिंगला आहे, आठ महिन्यांपूर्वी ऑपरेटरचा शिफ्ट इन्चार्ज झाला, हाताखाली २२ माणसं. तो म्हणतो, सुरुवातीला सगळे माझ्याकडे यायचे, मी प्रत्येकाला वेळ काढून सल्ला द्यायचो, आता कोणी येतच नाही, काही झालं तर मला सगळ्यात शेवटी कळतं. एक मुलगी "सर मला दुसऱ्या लाइनवर टाका" म्हणून आली होती, तिला दहा मिनिटं समजावलं की कुठेही गेलं तरी जुळवून घ्यावंच लागतं, ती "हो सर" म्हणून गेली आणि तीन आठवड्यांत राजीनामा दिला. माझा सल्ला चुकला का?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं ते तुला ठरवता येईल. मी पेडण्याचा, टॅब्लेटच्या प्रॉडक्शनमध्ये २८ वर्षं काढली, त्यातली १७ वर्षं माणसं सांभाळण्यात गेली, कधी पंधरा तर कधी सव्वाशे. यातलं मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलो नाही, ट्रेनिंग झाली पण ती नंतर, आधी चुका झाल्या आणि त्यातली एक चुकी अजून माझ्या मनातून जात नाही, ती पुढे सांगतोच.

सल्ला चुकला नाही रे. जुळवून घ्यावं लागतं हे खरंच आहे. पण त्या मुलीने तुला सल्ला विचारलाच नव्हता, तिने लाइन बदलून मागितली होती, आणि ती का मागत होती हे तुला आजसुद्धा माहीत नाही. तू एवढा मोठा प्रश्न लिहिलास, त्यात ती काय म्हणाली त्याचं एकच वाक्य आहे आणि तू काय म्हणालास ते चार ओळी. मी तुला दोष देत नाहीये, नवीन इन्चार्ज झाल्यावर माझंही असंच व्हायचं, समोरच्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत माझ्या डोक्यात उत्तर तयार असायचं आणि मग बाकीचं तो काय बोलतोय ते मी फक्त माझी पाळी यायची वाट बघत ऐकायचो. ऑपरेटर असताना ज्याला पटकन उत्तर सुचतं त्यालाच प्रमोशन मिळतं ना, म्हणून ती सवय घेऊनच आपण वरती येतो.

लाइन का बदलून हवी असेल? उभं राहून कंबर धरत असेल. शेजारी काम करणारा कोणी काहीतरी बोलत असेल. त्या लाइनवरून सुटल्यावर चेंजरूमला पोचेपर्यंत कंपनीची बस निघून जात असेल, मग वेर्ण्याच्या नाक्यावर अंधारात उभं राहावं लागत असेल. गोळ्यांच्या पट्ट्या करणाऱ्या ब्लिस्टर मशीनच्या फॉइलच्या वासाने डोकं दुखत असेल. यातल्या प्रत्येक गोष्टीला उपाय वेगळा आहे, आणि एक-दोन तर अशा आहेत की त्यात "जुळवून घे" म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आता माझी गोष्ट सांगतो. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आत डीह्युमिडिफायर पूर्ण लोडवर. दुपारी सव्वादोन, म्हणजे फर्स्ट शिफ्ट सुटून सेकंड शिफ्ट नुकतीच आत गेलेली. कॉम्प्रेशनचा, म्हणजे पावडर दाबून गोळ्या करणाऱ्या मशीनचा ऑपरेटर, सत्तरी तालुक्यातला, त्या मशीनवर पंधरा वर्षं काम केलेला माणूस, गाउन बदलून मुद्दाम बाहेर माझ्या केबिनपर्यंत आला. ज्यांनी प्लांट बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आतल्या एरियातून बाहेर यायचं म्हणजे टोपी, मास्क, गाउन, बूट सगळं काढून परत जाताना पुन्हा सगळं घालायचं, दहा-बारा मिनिटं जातात, उगाच कोणी येत नाही. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आज मशीनचा आवाज बरोबरच आहे ना?" मी ईमेल टाइप करत होतो. वर न बघता म्हटलं, मेंटेनन्सने परवाच बघितलंय, चालू ठेव. तो एक क्षण थांबला, "बरं सर" म्हणाला आणि गेला.

रात्री साडेआठला पंचाचं, म्हणजे पावडर दाबून गोळी करणाऱ्या धातूच्या दांड्याचं, टोक तुटलं. रोटरी मशीनमध्ये वरचे आणि खालचे पंच कॅमच्या पट्टीवरून फिरतात, पावडर चिकटून एखादा पंच घट्ट झाला की तो घासत चालतो आणि त्याचा आवाज आधी बदलतो, कानाला सवय असलेल्या माणसाला तो तासन् तास आधी कळतो, मीटरवर काही दिसत नाही. पुढे मेटल डिटेक्टर आहे, त्याने गोळ्या बाजूला काढल्या, त्यामुळे बाहेर काही गेलं नाही, पण पूर्ण बॅच थांबली आणि शेवटी नष्ट करावी लागली. डेव्हिएशनच्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा काही वेगळं घडलं की होते त्या चौकशीत त्याला विचारलं की आवाज बदलला होता तर रिपोर्ट का केला नाही, तेव्हा तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आलो होतो सर मी." रिपोर्टमध्ये कारण लिहिलं टूलिंगची झीज. ते खोटं नव्हतं. पण तो सव्वादोनला माझ्या दारात उभा होता हे त्या कागदावर कुठेच आलं नाही, आणि मी ते त्या वेळी स्वतःहून लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

त्या दिवसानंतर मी एक गोष्ट कानाला लावून घेतली. आपल्याकडे खालचा माणूस वरच्याला कधी सरळ सांगत नाही की हे चुकतंय, तो विचारतो. "सर, हे असंच असतं ना?" "सर, ही शीट आजच भरायची ना?" त्या वाक्याच्या शेवटी जो "ना" येतो त्यात त्याला जे सांगायचं असतं ते सगळं असतं. मान ठेवून बोलायची आपली रीत आहे, मराठीतही आणि कोंकणीतही, ती वाईट नाही, पण वर बसलेल्याला त्याचा अर्थ लावता आला पाहिजे. आता कोणी असा "ना" लावून विचारलं की मी हो-नाही काही म्हणत नाही, मी म्हणतो "तुला काय वाटतंय?" आणि गप्प राहतो.

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ ला धुक्यात रनवेवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. जे विमान उड्डाणासाठी धावत होतं त्याच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की दुसरं विमान अजून रनवेवरच आहे, आणि ती शंका त्याने प्रश्न म्हणूनच विचारली, ते अजून बाहेर गेलेलं नाही का? कॅप्टन कंपनीतला अतिशय वरिष्ठ, त्याने ठासून सांगितलं की गेलंय, आणि विमान पुढे गेलं. धुकं होतं, रेडिओवरचं बोलणं एकमेकांवर चढलं होतं, बाकी कारणं पुष्कळ होती. पण त्यानंतरच्या काही वर्षांत विमान कंपन्यांनी ज्युनियरला स्पष्ट बोलायला आणि कॅप्टनला ऐकायला शिकवायची वेगळी ट्रेनिंग सुरू केली. म्हणजे ऐकणं हा स्वभावाचा भाग म्हणून सोडून दिला नाही, कामाचा भाग म्हणून शिकवला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे अजून म्हणतात की अमका साहेब प्रेमळ आहे, ऐकून घेतो. प्रेमळ नसलास तरी चालेल, ऐकून घेणं जमायला हवं.

बरं, आता करायचं काय. पहिलं म्हणजे "का" विचारू नकोस. "का हवी लाइन बदलून?" म्हटलं की माणूस आरोपी असल्यासारखा उभा राहतो आणि जे कारण साहेबाला पटेल असं वाटतं ते देतो. त्याऐवजी "काय झालं ते सांग बघू, सुरुवातीपासून" असं म्हण. मग थांब. हे थांबणं फार अवघड आहे, चार सेकंद शांतता झाली तरी आपल्याला वाटतं आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. नको बोलू. मनात सात-आठ आकडे मोज. समोरचा बहुतेक वेळा पाच-सहाला पुढचं वाक्य बोलतो आणि तेच वाक्य कामाचं असतं.

त्याचं बोलून झालं की तुला काय समजलं ते त्याला सांग, "म्हणजे तुझं म्हणणं असं की सेकंड शिफ्टला तुझ्यावर दोन मशीनं पडतात." बरोबर असेल तर तो मान हलवेल. चूक असेल तर फारच चांगलं, कारण तो तुला दुरुस्त करेल, "नाही सर, दोन मशीनचं काही नाही, पण..." आणि त्या "पण"च्या पुढे खरी गोष्ट असते. मला तर वाटतं थोडं चुकीचं समजलेलं सांगितल्याने जेवढं बाहेर येतं तेवढं बरोबर सांगून येत नाही, अर्थात मुद्दाम चुकायचं नाही, ते लगेच कळतं लोकांना.

आणि मग हा प्रश्न, जो मी सगळ्यात उशिरा शिकलो, तुला आज सांगतो: "माझ्याकडून तुला काय हवंय? नुसतं ऐकून घेऊ, काय करावं ते सुचवू, की मी जाऊन कोणाशी बोलू?" आमच्या इथे मी कोंकणीतच विचारायचो, तुका म्हजेकडल्यान कितें जाय? पहिल्यांदा लोक गोंधळतात, साहेब असं विचारतो याची सवय नसते. पण दहातले सहा-सात जण म्हणायचे, काही नको सर, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. बघ, या सहा-सात जणांना मी पूर्वी प्रत्येकी दहा मिनिटं सल्ला देत होतो.

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता, तिथे १९२८ ते १९३० मध्ये वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. सुरुवातीला ठरवलेल्या प्रश्नांची यादी घेऊन बसायचे, उजेड कसा आहे, सुपरवायझर कसा आहे, आणि कामगार सारखे भलत्याच विषयाकडे वळायचे. शेवटी यादी बाजूला ठेवली आणि ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं ठरवलं, तेव्हा अर्ध्या तासाच्या मुलाखती दीड-दीड तास चालायला लागल्या. भलता विषय हाच त्यांचा विषय होता.

जागेचंही सांगतो. केबिनमध्ये बोलावलंस तर माणूस अर्धा गप्प होतो. टेबलाच्या पलीकडे तू, भिंतीवर प्रॉडक्शनचा टार्गेट बोर्ड, तो काय बोलणार. माझी सगळ्यात चांगली बोलणी कंपनीच्या बसमध्ये झाली. नवा झुवारी पूल २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, त्याआधी जुन्या पुलावर बस कुठे अडकेल आणि किती वेळ अडकेल याचा नेम नसायचा, कधी कधी तासभर कुठ्ठाळीला. मी मुद्दाम मागच्या सीटवर बसायचो. शेजारी शेजारी बसलं की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, दोघेही खिडकीबाहेर बघतायत, आणि माणूस मोकळा होतो.

असाच एक जण होता, डिचोलीकडचा, चाळिशीतला, आमच्याकडे २०१३ मध्ये हेल्पर म्हणून लागला होता. नाइटला पेंगायचा. एकदा नाही, सारखा. मी त्याला दोनदा बोलावून झोपेवर सांगितलं, खिडकीला काळा पडदा लाव, घरी जाऊन चहा घेऊ नकोस, मोबाइल बंद करून झोप, एकदम व्यवस्थित सल्ला. तिसऱ्या वेळी वॉर्निंग लेटर टाइप करून तयार होतं. त्या दिवशी सकाळी बस पुलाच्या अलीकडे थांबली आणि तो माझ्या शेजारी होता. मी काही विचारलं नाही, फक्त म्हटलं, तू आधी काय करायचास? त्याने सांगायला सुरुवात केली. त्याचा स्वतःचा खनिजाचा ट्रक होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभा राहिला, बँकेचे हप्ते चालूच. म्हणून हा रात्री आमच्याकडे बारा हजारांवर आणि सकाळी सहाला सुटला की नऊपासून दुपारपर्यंत कोणाच्या तरी टेम्पोवर ड्रायव्हर. झोपायचा संध्याकाळी तीन-चार तास. मी याला काळा पडदा लाव म्हणून सांगत होतो.

मी विचारलं, माझ्याकडून काय हवंय. कर्जाचं काही बोलला नाही तो, तो त्याचा आणि बँकेचा विषय होता आणि त्यात मी नाक खुपसावं असं त्याला वाटत नव्हतं. म्हणाला, मला कायमची सेकंड शिफ्ट द्या, दोन ते दहा, सकाळी टेम्पो चालवीन, रात्री झोपेन. एवढंच. हे माझ्या डोक्यात सात जन्मात आलं नसतं, कारण सेकंड शिफ्ट कोणालाच नको असते, घरच्यांबरोबर जेवण चुकतं. सेकंड शिफ्ट नको असलेल्या दोघांनी त्याच्याबरोबर खुशीने अदलाबदल केली. वॉर्निंग लेटर फाडलं. तो आमच्याकडे पुढे सहा वर्षं होता, २०१८ ला खाणी परत बंद पडल्या तेव्हा इतर ट्रकवाल्यांचं काय होतंय ते तोच मला सांगायचा.

भाषेचं विसरू नकोस. गोव्यात एका लाइनवर पेडण्याची, सासष्टीची, बेळगावची, ओडिशाची माणसं असतात. मीटिंग इंग्लिश-हिंदीत होते आणि ज्याला त्या भाषेत सहज बोलता येत नाही तो तीन शब्दांत उरकतो, मग आपण म्हणतो हा काही बोलत नाही. तुला कन्नड किंवा ओडिया येत नसेल तर हरकत नाही, पण त्याच्याबरोबर त्याच्या गावचा एखादा जुना माणूस बसव आणि त्याला त्याच्या भाषेत सांगू दे. तू मालवणी बोलतोस, कोंकणी समजतेच तुला, इन्चार्ज झाल्यापासून कामगारांशी हिंदी बोलायला लागला असशील तर ते आधी बंद कर. खुर्ची बदलली की भाषा बदलते आणि लोकांना ते लागतं.

सल्ला द्यायचाच नाही असं मी म्हणत नाहीये हं. कोणी मशीनचं गार्ड काढून हात आत घालत असेल तर तिथे "तुला काय वाटतंय" विचारायचं नाही, आधी मशीन बंद करायला लावायचं, बोलणं नंतर. कामातलं तांत्रिक कोणी विचारलं आणि तुला येत असेल तर सरळ, थोडक्यात, एकच गोष्ट सांगायची. तीन सांगितल्या की माणूस सोपी ती करतो. आणि माणसांच्या बाबतीतला सल्ला असेल तर तो आपल्या अनुभवाच्या रूपात द्यावा, "माझ्या वेळी मी त्याच्याशी टी-ब्रेकला बाजूला घेऊन बोललो होतो, जमलं होतं, तुझं वेगळं असू शकेल." म्हणजे त्याला न घ्यायची मोकळीक राहते. नंतर आठवड्याने विचारायचं ते "मी सांगितलेलं केलंस का" असं नाही, "त्याचं पुढे काय झालं" असं. त्याने तुझ्या सल्ल्याच्या उलट केलं असेल आणि ते जमलं असेल तर मनापासून आनंद दाखव, तोंड वाकडं केलंस तर तो परत येणार नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो, "कोणाला सांगणार नाही" असं आधी वचन देऊ नकोस. मी दिलं होतं एकदा आणि मोडावं लागलं. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांग, की औषधाच्या क्वालिटीचं किंवा कोणाच्या सुरक्षेचं काही असेल तर मला पुढे न्यावं लागेल, पण तुला न सांगता नेणार नाही. बॅच रेकॉर्डमध्ये वेळ नंतर भरली, वजन न करता आकडा लिहिला, असं कोणी कबूल केलं तर ते क्यूएकडे, म्हणजे क्वालिटी बघणाऱ्या विभागाकडे, जायलाच हवं, ती गोळी कोणीतरी घेणार आहे. आणि एखाद्या मुलीने कोणाच्या वागण्याबद्दल, स्पर्शाबद्दल, बोलण्याबद्दल सांगितलं तर तू न्यायाधीश नाहीस आणि मध्यस्थही नाहीस. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तिला समितीच्या सदस्यांची नावं दे, लिहायला मदत लागली तर ती मिळवून दे, आणि "तो तसा नाहीये, मी ओळखतो त्याला" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नकोस. तुझ्या त्या मुलीचं असं काही असेल असं मी म्हणत नाही. पण असू शकलं असतं, आणि तू विचारलं नाहीस, म्हणून मला काळजी वाटते.

तसंच कोणी जीव नकोसा झालाय अशा भाषेत बोलायला लागला तर ते हलक्यात घ्यायचं नाही आणि स्वतः डॉक्टरही व्हायचं नाही. त्याच्याजवळ थांब, एकट्याला घरी सोडू नकोस, घरच्यांना बोलाव. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहेच. मी एका मुलाबरोबर तिथे गेलो होतो, ओपीडीत दोन तास बसलो, काही बोललो नाही. तो आज व्यवस्थित नोकरीत आहे.

ऐकलं आणि पुढे काही झालं नाही, तर न ऐकलेलं बरं असं लोकांना वाटतं. म्हणून लिहून ठेव. आत खिशातली डायरी नेता येत नाही, गाउनला खिसाही नसतो, म्हणून मी चेंजरूममधून बाहेर आलो की पहिल्यांदा लॉकरमधल्या वहीत कोण काय म्हणालं ते दोन शब्दांत लिहायचो. आणि दर शुक्रवारी वही उघडून ज्याचं झालं त्याला झालं म्हणून सांगायचं, ज्याचं होणार नाही त्याला नाही म्हणून सांगायचं. "बघतो" हा शब्द मी सोडला. लोकांना नकाराचं एवढं वाईट वाटत नाही, लटकत ठेवल्याचं वाटतं.

चवथीच्या रजेचं उदाहरण घे. दर वर्षी तेच, सगळ्यांना पाच दिवस हवेत, कोणाचा दीड दिवसाचा गणपती, कोणाचा सात, आणि प्लांट तर बंद होत नाही. बरीच वर्षं मी स्वतः बसून यादी करायचो, शक्य तेवढी न्याय्य, आणि दर वर्षी अर्धे लोक नाराज. मग एका वर्षी मी यादी केलीच नाही. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून एवढंच सांगितलं, प्रत्येक शिफ्टला कमीत कमी इतकी माणसं लागतात, यापेक्षा कमी झाली तर मशीन बंद, बाकी तुम्ही ठरवा, मी इथेच आहे. पाऊण तास वाद झाला. शेवटी आमच्या कुंकळ्ळीच्या नि राशोलच्या ख्रिश्चन सहकाऱ्यांनी चवथीचे दिवस उचलले आणि नाताळात बाकीच्यांनी त्यांचे उचलायचं ठरलं, आणि एका म्हाताऱ्या ऑपरेटरने आपला दुसरा दिवस एका नवीन लग्न झालेल्या मुलाला दिला कारण त्याची पहिली चवथ होती. मला ते लग्न माहीतही नव्हतं.

आता तुझ्याकडे परत यायला लोक का बिचकतायत ते बघ. बावीसजणांना एकदम बोलावून "मोकळेपणाने बोला" म्हणू नकोस, कोणी बोलणार नाही आणि तू आणखी निराश होशील. एकच माणूस निवड, जो तुझ्याबरोबर ऑपरेटर असताना डबा खायचा. त्याला विचार, कोणी बोलत असताना मी मध्येच तोडतो का? तो आधी नाही म्हणेल. मग परत विचार, शेवटचं कधी तोडलं होतं? असा नेमका प्रसंग विचारला की तो सांगेल. जे सांगेल त्यावर एक शब्दही सफाई द्यायची नाही, बरं झालं सांगितलंस, बस. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या लाइनवर पोचतं, तुला काही करावं लागत नाही.

आणि मग पुढच्या एक-दोन महिन्यांत तुझ्या शिफ्टला तक्रारी आणि छोट्या चुकांचे रिपोर्ट वाढतील, त्याला घाबरू नकोस, तुझ्या मॅनेजरलाही आधी सांगून ठेव. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या टीमचा अभ्यास केला होता, १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी दिसतील, तर आकड्यात त्या जास्त निघाल्या. शोध घेतल्यावर कळलं की तिथे चूक सांगायची भीती नव्हती म्हणून त्या सांगितल्या जात होत्या, बाकीच्या ठिकाणी लपत होत्या. माझ्या शिफ्टलाही असंच झालं होतं, वर्षाच्या रिव्ह्यूमध्ये माझ्याच एरियाचे सगळ्यात जास्त डेव्हिएशन, आणि मला तिथे उभं राहून ते समजावून सांगावं लागलं. आवाज बदलला की आता ऑपरेटर स्वतः मशीन थांबवत होते, हे त्यातच होतं.

त्या मुलीचा नंबर एचआरकडे असेल, नाहीतर तिच्या लाइनवरच्या कोणाकडे तरी. तिला फोन कर, पण आधी मेसेज टाकून विचार की फोन केला तर चालेल का. परत ये म्हणू नकोस, माफीचं भाषण नको. एवढंच म्हण, त्या दिवशी तू लाइन बदलून मागितलीस तेव्हा मी नीट विचारलं नाही, काय झालं होतं ते सांगायचं असेल तर सांग, नसेल सांगायचं तरी चालेल. आणि ती बोलायला लागली तर मध्ये "अगं पण" आणू नकोस. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळीच कर, दोननंतर तुझा फोन लॉकरमध्ये असेल आणि तिने उलटा केला तर तुला कळणार नाही.